वाचकांचे प्रश्न : पायांतील शिरांचे चित्र आणि सहा तासांचे टेक्नेशियम

मागील एका लेखात पायाच्या खोल शिरांत होणाऱ्या रक्ताच्या गुठळ्यांविषयी लिहिताना, किरणोत्सारी द्रव्य टोचून करावयाच्या तपासणीचा मी एका वाक्यात उल्लेख केला होता. आलेली बहुतेक पत्रे त्या एकाच वाक्यावर आहेत, आणि त्यांपैकी निम्म्या पत्रांत ‘किरणोत्सारी’ या शब्दाची धास्ती स्पष्ट दिसते. ती धास्ती समजण्यासारखी आहे. अणुवैद्यक विभागात रोज हीच द्रव्ये हाताळत असल्यामुळे ती दूर करणे माझे कर्तव्य आहे, असे मी मानतो. निवडक पत्रांना येथे उत्तरे देत आहे.

माझ्या आईचे वय ७१ आहे. खुब्याच्या शस्त्रक्रियेनंतर तिसऱ्या आठवड्यात तिचा डावा पाय मांडीपर्यंत सुजला. सोनोग्राफीत मांडीत व गुडघ्यामागे गुठळी आढळली नाही, मात्र ओटीपोटातील शिरा नीट दिसल्या नाहीत. तिची मूत्रपिंडे अशक्त असल्यामुळे आयोडीनयुक्त द्रव्य टोचून सीटी स्कॅन करणे टाळले आहे आणि किरणोत्सारी द्रव्याने शिरांची तपासणी करण्यास सुचवले आहे. ही तपासणी नेमकी कशी करतात? तिला सोसेल का?

सोसेल. तपासणीत दुखण्यासारखे आहे ते दोन्ही पायांच्या पाठीवर एकेक बारीक सुई टोचण्याइतकेच, आणि सुजलेल्या पायावर शीर सापडायला वेळ लागला तर तो त्रास थोडा लांबतो.

एक्स-रेमध्ये किरण बाहेरून येतात, शरीरातून आरपार जातात आणि पलीकडे सावली उमटते. या तपासणीत किरणांचा उगम शरीराच्या आत असतो आणि कॅमेरा स्वतः काहीही सोडत नाही, तो फक्त टिपतो. आपल्या आईंना टेबलावर उताणे निजवतील. घोट्यांच्या वर, आणि बहुधा गुडघ्यांपाशीही, रुंद पट्टे आवळतील. त्यामुळे कातडीखालच्या वरवरच्या शिरा दाबल्या जातात आणि रक्ताला खोल शिरांतून वर जाणे भाग पडते. आपल्याला तपासायच्या असतात त्या याच शिरा. मग दोन्ही पायांत एकाच वेळी थोडेसे द्रव्य, म्हणजे टेक्नेशियम हे किरणोत्सारी मूलद्रव्य बसवलेले सूक्ष्म कण, टोचतात व मागोमाग सलाईन सोडतात. दोन्ही बाजू एकदम भरण्यामागे हेतू आहे, कारण निरोगी पाय हाच आजारी पायाचा मापदंड ठरतो.

पडद्यावर आधी काळोख असतो. मग घोट्यापाशी ठिपके दिसू लागतात. एकेक ठिपका म्हणजे शरीरातून निघून कॅमेऱ्यापर्यंत पोहोचलेला एकेक गॅमा किरण. ठिपके दाटत जाऊन त्यांच्या दोन रेघा होतात, त्या पोटरीतून गुडघ्यामागे, मांडीतून जांघेत चढतात आणि बेंबीच्या किंचित खाली एकमेकींना मिळतात. इंग्रजी ‘वाय’ अक्षर उलटे धरावे तसा तो आकार दिसतो. वाहता मार्ग असेल तर हे सारे थोडक्या वेळात घडते. एखाद्या ठिकाणी रेघ अचानक तुटली, एक बाजू दुसरीपेक्षा मागे रेंगाळली, किंवा सरळ वाटेऐवजी आजूबाजूने नागमोडी धागे भरू लागले, तर तिथे अडथळा आहे, असे आम्ही समजतो. नंतर पट्टे सोडून वरवरच्या शिराही पाहतात, पावले वर-खाली करायला सांगतात आणि द्रव्य कुठे साचून राहिले आहे का, हे पुन्हा तपासतात.

आपल्या पत्रात डाव्या पायाचा उल्लेख आहे, म्हणून एक गोष्ट मुद्दाम सांगतो. ओटीपोटात डाव्या पायाकडून येणारी मोठी शीर, उजव्या पायाकडे जाणाऱ्या रोहिणीच्या मागून जाते आणि ती रोहिणी व पाठीचा कणा यांच्यामध्ये काही जणांत दाबली जाते. गुठळ्या डाव्या पायात अधिक आढळतात, त्याचे हे एक कारण आहे. अशा वेळी डाव्या बाजूचे रक्त ओटीपोटातून आडवे जाऊन उजव्या शिरेत शिरते, आणि पडद्यावर तो आडवा पूल उमटतो. सोनोग्राफी करणाऱ्याला आतड्यांतील वायूमुळे आणि खोलीमुळे नेमका हाच भाग दिसत नाही. आपल्या आईंना ही तपासणी सुचवण्यामागचा विचार त्यामुळे मला योग्य वाटतो.

या तपासणीतील सर्वांत सुंदर भाग अजून सांगायचा आहे. टेक्नेशियम ज्या कणांवर बसवलेले असते, ते कण मानवी रक्तातील अल्ब्युमिन या प्रथिनाचे गोळे असतात आणि त्यांचा आकार साधारण १० ते ९० मायक्रॉन असतो (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). पायाकडून हृदयाकडे जाताना शिरा रुंदच होत जातात, त्यामुळे हे कण वाटेत कुठेही अडत नाहीत. ते हृदयाच्या उजव्या बाजूतून फुप्फुसांत जातात आणि तिथल्या केशवाहिन्या जेमतेम ७-८ मायक्रॉनच्या असल्यामुळे त्यांच्या तोंडाशी अडकतात. म्हणजे पायांचे चित्र संपता संपता फुप्फुसांचे चित्र आयतेच तयार होते! पायातली गुठळी सुटून फुप्फुसात गेली असेल, तर त्या गुठळीपलीकडच्या भागात कण पोहोचत नाहीत आणि तिथे पाचरीसारखी रिकामी जागा दिसते. पायातील गुठळीचा खरा धोका फुप्फुसात असतो, आणि ही तपासणी एकाच टोचण्यात दोन्हीकडची खबर आणते.

कण अडकतात हे वाचून मनात शंका येईल. टोचलेल्या कणांची संख्या सामान्यतः काही लाख असते आणि फुप्फुसांतील त्या मापाच्या सूक्ष्म रोहिण्या सुमारे ३० कोटी असतात. हजारातली एखादी वाट काही तास बंद राहते, मग कण झिजून फुटतात आणि वाट मोकळी होते. फुप्फुसांतील रक्तदाब फार वाढलेला असेल, किंवा हृदयाच्या पडद्याला छिद्र असेल, तर कण कमी संख्येने देतात. तशी काही नोंद आईंच्या जुन्या कागदपत्रांत असल्यास ती अवश्य सोबत न्यावी.

मी पदार्थविज्ञान शिकवत असे, आता निवृत्त आहे. ज्या द्रव्याचे अर्धायुष्य सहा तास आहे, ते रुग्णालयात साठवता कसे येते? आणि इतकी समस्थानिके उपलब्ध असताना हेच का निवडले?

गुरुजी, दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण उत्तराचे मर्म तिथे आहे. इतर वाचकांसाठी एवढेच सांगतो: समस्थानिके म्हणजे एकाच मूलद्रव्याचे वेगवेगळ्या वजनाचे अणू, आणि अर्धायुष्य म्हणजे त्यांतले निम्मे अणू क्षय पावायला, म्हणजे किरण सोडून दुसऱ्या रूपात जायला, लागणारा वेळ.

चित्र उमटण्यासाठी दर सेकंदाला ठरावीक संख्येने गॅमा किरण निघावे लागतात. तेवढे किरण देणारी दोन समस्थानिके घेऊ, एक टेक्नेशियम-९९एम, अर्धायुष्य ६ तास, आणि दुसरे आयोडीन-१२५, अर्धायुष्य सुमारे ६० दिवस. चित्राच्या क्षणी दोघांच्या क्षयाचा वेग सारखा असला, तरी आयोडीनचे अणू टेक्नेशियमच्या सुमारे २४० पट टोचावे लागतात. तपासणीच्या पहिल्या तासात टेक्नेशियमच्या शंभर अणूंपैकी ११ अणूंचा क्षय होतो, तर आयोडीनच्या साधारण दोन हजारांत एकाचा. उरलेले सगळे चित्र काढून झाल्यावर, रुग्ण घरी गेल्यावर, शरीर त्यांना बाहेर टाकेपर्यंत क्षय पावत राहतात आणि त्यांचा निदानाला काडीचाही उपयोग नसतो. अल्पायुषी समस्थानिकात खर्च होतो तो मुख्यत्वे कामाच्या वेळी. फारच अल्पायुषी घेतले, तर द्रव्य तयार करून कणांवर बसवेपर्यंतच ते संपते. सहा तास हा त्यामधला मुक्काम आहे.

दुसरे कारण ऊर्जेचे. टेक्नेशियम-९९एमच्या गॅमा किरणाची ऊर्जा १४० किलोइलेक्ट्रॉनव्होल्ट असते. एवढ्या ऊर्जेचा किरण ओटीपोटाच्या खोलीतूनही बऱ्याच प्रमाणात बाहेर येतो आणि तरीही कॅमेऱ्यासमोरच्या, बारीक छिद्रांच्या शिशाच्या जाळीत तिरपे आलेले किरण शोषले जातात. म्हणून सरळ येणाऱ्या किरणांचेच चित्र होते. शिवाय क्षय होताना हा अणू केंद्रकातून बीटा कण बाहेर टाकत नाही. बीटा कण ऊतीतच जिरतो, चित्राला काही देत नाही आणि इजा मात्र करतो.

आता साठवण्याविषयी. टेक्नेशियम साठवत नाहीत, त्याची आई साठवतात. मॉलिब्डेनम-९९ चे अर्धायुष्य ६६ तासांचे असते आणि त्याच्या क्षयातून टेक्नेशियम-९९एम जन्मते. शिशाच्या जाड आवरणात एक बारीक काचेची नळी असते, तिच्यात अ‍ॅल्युमिनाची पूड ठासलेली असते आणि त्या पुडीला मॉलिब्डेनम घट्ट चिकटून बसलेले असते. टेक्नेशियमचे रासायनिक रूप निराळे असल्यामुळे ते तितके चिकटत नाही. रोज सकाळी वरच्या टोकाला सलाईनची कुपी आणि खालच्या टोकाला हवा काढून टाकलेली रिकामी कुपी लावतात, निर्वातामुळे सलाईन नळीतून खेचले जाते आणि येताना टेक्नेशियम धुऊन आणते, मॉलिब्डेनम जागच्या जागी राहते. कुपीत उतरणारा द्रव पाण्यासारखा स्वच्छ असतो, त्याला रंग नाही, वास नाही. बाजूचे मोजणी यंत्र आकडा दाखवते तेव्हाच त्यात काही असल्याचे कळते. या उपकरणाला जगभरच्या विभागांत ‘गाय’ म्हणतात आणि या कामाला धार काढणे. एकदा धार काढली की सुमारे दिवसभरात ती पुन्हा भरते. आठवड्याने मॉलिब्डेनम सहाव्या हिश्शापर्यंत उतरते आणि नवी ‘गाय’ मागवावी लागते.

हे उपकरण अमेरिकेतील ब्रूकहेवन राष्ट्रीय प्रयोगशाळेत वॉल्टर टकर आणि मार्गारेट ग्रीन यांनी १९५० च्या दशकाच्या अखेरीस घडवले. त्याच दशकात कॅलिफोर्नियात हॅल अँगर यांनी गॅमा कॅमेरा बनवला. मूलद्रव्य म्हणून टेक्नेशियमचा शोध १९३७ चा, इटलीतील पालेर्मो येथील कार्लो पेरिए आणि एमिलिओ सेग्रे यांचा. त्यांनी ते ज्या मॉलिब्डेनमच्या पत्र्यात शोधले, तो पत्रा अमेरिकेतील बर्कलेच्या सायक्लोट्रॉनमध्ये, म्हणजे कणांना वेग देणाऱ्या यंत्रात, मारा खाल्लेला होता. माणसाने कृत्रिमरीत्या मिळवलेले हे पहिले मूलद्रव्य, आणि त्याचे नावही ‘कृत्रिम’ या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून पडले.

आपण शिक्षक असल्यामुळे आणखी एक नोंद आवडेल. रक्ताचा प्रवास किरणोत्साराने मोजण्याचा पहिला प्रयोग १९२० च्या दशकातला, हर्मन ब्लमगार्ट यांचा. त्यांनी एका हाताच्या शिरेत रेडियम-सी, म्हणजे आजचे बिस्मथ-२१४, टोचले आणि दुसऱ्या हातापाशी ते केव्हा पोहोचते हे मोजले. बिस्मथ-२१४ चे अर्धायुष्य सुमारे २० मिनिटे आहे. म्हणजे अल्पायुषी द्रव्यच हवे, ही जाण या शास्त्राला पहिल्या पावलापासून होती.

टेक्नेशियम-९९एमचा क्षय झाल्यावर टेक्नेशियम-९९ उरते आणि त्याचे अर्धायुष्य दोन लाख वर्षांहून अधिक असते, असे मी अभ्यासक्रमात वाचले. मग ‘सहा तासांत निम्मे होते’ असे सांगणे ही रुग्णाची दिशाभूल नव्हे काय?

प्रश्न रास्त आहे आणि असा प्रश्न विचारणाऱ्या विद्यार्थिनीला ‘घाबरू नका’ एवढे सांगून वाटेला लावणे योग्य नव्हे. आपण गणित करू.

समजा, रुग्णाला १८५ मेगाबेकरेल टेक्नेशियम-९९एम टोचले. एक बेकरेल म्हणजे सेकंदाला एक क्षय, म्हणजे सुरुवातीला सेकंदाला साडेअठरा कोटी क्षय होत आहेत. सहा तासांचे अर्धायुष्य धरून हिशेब केला, तर एवढ्या क्षयवेगासाठी लागणारे अणू सुमारे ५ लाख ८० हजार कोटी येतात. संख्या प्रचंड वाटते, पण वजन करू गेल्यास ते एक नॅनोग्रॅमच्या आसपास, म्हणजे ग्रॅमचा अब्जावा भाग, भरते. हे सर्व अणू यथावकाश टेक्नेशियम-९९ होतात. आता त्याच अणूंना २ लाख ११ हजार वर्षांचे अर्धायुष्य लावा. क्षयाचा वेग येतो सुमारे ०.६ बेकरेल, म्हणजे दर दोन सेकंदांना जेमतेम एक क्षय. धार काढतानाच थोडे टेक्नेशियम-९९ सोबत येते, तेही जमेस धरले तरी आकडा काही बेकरेलच्या पुढे सहसा जात नाही.

याच्या शेजारी आणखी एक आकडा ठेवा. अन्नातून येणाऱ्या नैसर्गिक पोटॅशियम-४० मुळे प्रौढ माणसाच्या शरीरात जन्मभर सुमारे ४,००० बेकरेल किरणोत्सार असतोच, आपल्या आणि माझ्याही. दीर्घ आयुष्य आणि तीव्र किरणोत्सार या गोष्टी अणूंची संख्या ठरलेली असताना एकमेकींच्या उलट जातात, हे एकदा उमगले की दोन लाख वर्षांच्या आकड्यातली भीती निघून जाते. तोच अणू सावकाश जगणार असेल, तर तो या क्षणी जवळजवळ काहीच बाहेर टाकत नाही.

खरी मोजायची मात्रा सुरुवातीच्या तासांतली असते. १८५ मेगाबेकरेल कणांतून संपूर्ण शरीराला मिळणारी मात्रा सुमारे २ मिलिसिव्हर्ट (किरणांचा शरीरावरील परिणाम मोजण्याचे एकक) येते. जगातल्या सर्वसाधारण माणसाला निसर्गाकडून, म्हणजे जमीन, हवेतील रेडॉन, अन्न आणि अवकाशातून येणारे किरण मिळून, वर्षाला सरासरी २.४ मिलिसिव्हर्ट मिळतात. मात्रा शून्य आहे असे मी म्हणणार नाही. विनाकारण एक मिलिसिव्हर्टही देऊ नये आणि कारण असताना दोन मिलिसिव्हर्टच्या भीतीने फुप्फुसातली गुठळी शोधायची टाळू नये, असे माझे मत आहे.

माझी मुलगी पाच महिन्यांच्या बाळाला अंगावर पाजते. तिला ही तपासणी सांगितली आहे. बाळाचे काय?

तपासणीपूर्वी दूध काढून ठेवावे आणि तपासणीनंतर साधारण १२ तास अंगावर पाजू नये. त्या काळातले दूध काढून टाकावे. नेमका अवधी टोचलेल्या मात्रेवर ठरतो, तो विभागातून लेखी घ्यावा. पहिले काही तास बाळाला सतत कुशीत घेऊन बसण्यापेक्षा आजीने सांभाळावे, एवढी काळजी पुरे. पाणी भरपूर प्यावे आणि लघवी तुंबवू नये. अडीच दिवसांत द्रव्याचा हजारावा भागही जेमतेम उरतो. पाळी चुकली असेल किंवा पुन्हा दिवस राहिल्याची शंका असेल, तर मात्र सुई टोचण्यापूर्वी सांगावे, नंतर नव्हे.

आजकाल सोनोग्राफी सर्वत्र होते आणि तिच्यात किरणोत्सार मुळीच नसतो. मग या जुन्या तपासणीची गरज काय? माझ्या अहवालात ‘विलंबित चित्रात पोटरीत द्रव्य साचलेले दिसते, गुठळी नाकारता येत नाही’ असे लिहून गोंधळ वाढवला आहे.

आपल्या पहिल्या वाक्याशी मी पूर्ण सहमत आहे. पायातील गुठळीची शंका असेल तर आधी सोनोग्राफीच करावी. तिची युक्ती साधी आणि विश्वासार्ह आहे: सोनोग्राफीची मूठ शिरेवर दाबली की निरोगी शीर चपटी होते, गुठळी असलेली होत नाही. शंका कमी असेल तर डी-डायमर ही रक्ततपासणीच बहुतेकांना पुढच्या फेऱ्यातून सोडवते. ओटीपोटासाठी सीटी आणि एमआरआय आहेत. शिरेत आयोडीनयुक्त द्रव्य भरून एक्स-रे काढण्याची पद्धत, जी एके काळी अंतिम शब्द मानली जाई, तीही आता क्वचित करतात, कारण ती दुखते आणि मूत्रपिंडांवर भार टाकते. समस्थानिकांच्या तपासणीची गरज उरते ती थोड्यांना: ज्यांना आयोडीनयुक्त द्रव्य चालत नाही, ज्यांचा पाय प्लास्टरमध्ये आहे किंवा जखमेमुळे दाबता येत नाही, ज्यांच्या ओटीपोटातील शिरा दिसत नाहीत, आणि ज्यांच्या फुप्फुसांचे असेच चित्र तसेही काढायचे आहे.

आपल्या अहवालाविषयी बोलतो. गॅमा कॅमेरा शीर दाखवत नाही, शिरेतून वाहणारे रक्त दाखवतो. शिरेची भिंत, झडपा, गुठळीचा पोत यांतले त्याला काहीही दिसत नाही आणि सेंटिमीटरभराच्या आतले तपशील अंधूकच राहतात. मांडीपासून वर एकेकच मोठी वाट असल्यामुळे अडथळा स्पष्ट कळतो. पोटरीत खोल शिरांच्या तीन जोड्या असतात, एखादी बंद असली तरी बाकीच्या भरतात आणि रेघ अखंड दिसते. उलट गुठळीच्या खडबडीत पृष्ठभागावर कण चिकटून साचतात हे खरे असले, तरी झडप नादुरुस्त असून रक्त तुंबले असेल, तेव्हाही कण साचलेले दिसतात. म्हणून निव्वळ विलंबित चित्रातल्या पोटरीतील एका डागावर मी स्वतः गुठळीचे निदान करणार नाही. आपल्या जागी मी असतो, तर पोटरीची सोनोग्राफी करून घेतली असती आणि ती निर्दोष आली तर आठवड्याने पुन्हा एकदा केली असती.

गुठळी जुनी की नवी, हा प्रश्न पूर्वीही डॉक्टरांना छळत असे. १९६० आणि ७० च्या दशकांत आयोडीन-१२५ लावलेले फायब्रिनोजेन टोचत. गुठळी बनताना हे प्रथिन तिच्यात विणले जाते, त्यामुळे पायावर मोजणी यंत्र फिरवून रोज नोंद घेतली की बनत असलेली गुठळी पकडता येई. शस्त्रक्रियेनंतर पोटरीत किती रुग्णांना गुपचूप गुठळ्या होतात, हे त्या मोजण्यांनी दाखवून दिले. परंतु त्या आयोडीनचे किरण दुबळे असल्यामुळे ओटीपोटातून ते बाहेर येत नसत, निकालाला वेळ लागे, आणि फायब्रिनोजेन दात्यांच्या रक्तातून काढलेले असल्याने संसर्गाची भीती असे. ती पद्धत मागे पडली. १९९८ मध्ये अमेरिकेत अ‍ॅपसिटाइड नावाचे, टेक्नेशियम लावलेले द्रव्य मंजूर झाले. ते उत्तेजित झालेल्या रक्तबिंबिकांना चिकटते, त्यामुळे ताजी गुठळी उजळते आणि जुनी उजळत नाही. कल्पना उत्तम होती, पण सोनोग्राफीच्या सोयीपुढे तिचा वापर मर्यादितच राहिला.

माझ्या पायांवर निळ्या, गाठाळलेल्या शिरा आहेत. ही तपासणी करून घ्यावी का?

नको. व्हेरिकोज व्हेन्समध्ये रक्त कोणत्या झडपेतून उलटे येते हे पाहायचे असते आणि ते उभ्याने केलेल्या डॉपलर सोनोग्राफीत उत्तम दिसते.

सोनोग्राफी आणि शिरांची ही तपासणी, दोन्ही निर्दोष, तरी चार वर्षांपासून उजवे पाऊल आणि पोटरी सुजलेलीच आहे. बोटाने दाबल्यास आता खळगाही पडत नाही. शिरांत दोष नसेल तर दोष कुठे आहे?

खळगा न पडणारी, पावलाच्या पाठीवर आणि बोटांपर्यंत पोहोचलेली जुनी सूज ऐकून माझे लक्ष लसीकावाहिन्यांकडे, म्हणजे ऊतींतला जादा द्रव परत नेणाऱ्या बारीक नळ्यांकडे, जाते. दुसऱ्या बोटाच्या मुळाशी कातडीची चिमूट धरून पाहा, ती उचलली जात नसेल तर शंका बळावते. या वाहिन्यांसाठीही टेक्नेशियमचीच तपासणी आहे, फक्त सुई शिरेत न जाता पायाच्या बोटांमधल्या कातडीत जाते आणि द्रव्याचे कण कितीतरी पटींनी बारीक असतात, कारण त्यांना लसीकावाहिन्यांच्या नाजूक तोंडांतून आत शिरायचे असते. इथे सेकंदांत काही घडत नाही. द्रव्य पोटरीतून वर सरकत जांघेतल्या गाठींपर्यंत किती वेळात पोहोचते, की वाटेतच कातडीत पसरते, हे काही तास थांबून पाहतात. टोचताना क्षणभर चांगलीच आग होते, हे आधी सांगितलेले बरे. शिरांची तपासणी पुन्हा करण्यापेक्षा आपण ही करून घ्यावी.

वडिलांची तपासणी ऐनवेळी पुढे ढकलली. ‘द्रव्य आले नाही’ एवढेच उत्तर मिळाले. हा निष्काळजीपणा नव्हे काय? आम्ही आठ दिवस नुसते बसून राहायचे का?

आपल्याला कारण नीट समजावून सांगायला हवे होते, आणि ते न सांगणे ही चूकच आहे. द्रव्य न येणे मात्र बहुधा त्या विभागाच्या हातात नसते. जगाचे मॉलिब्डेनम मुख्यतः मोजक्या संशोधन अणुभट्ट्यांत युरेनियमच्या विखंडनातून बनते, आणि ६६ तासांच्या अर्धायुष्यामुळे त्याचा साठा करून ठेवता येत नाही. विमान चुकले तर माल वाटेतच आटतो. कॅनडातील चॉक रिव्हरची अणुभट्टी मे २००९ मध्ये गळतीमुळे बंद पडली ती ऑगस्ट २०१० पर्यंत, आणि त्याच काळात नेदरलँड्समधील पेटनची अणुभट्टीही काही महिने दुरुस्तीसाठी बंद होती. तेव्हा अनेक देशांत विभागांना रुग्णांचा क्रम गरजेनुसार लावावा लागला होता.

नुसते बसून मात्र राहू नका. गुठळीची शंका दाट असेल आणि रक्तस्रावाचा धोका नसेल, तर तपासणीची वाट न पाहता रक्त पातळ करणारे औषध सुरू करण्याची रीत आहे, त्याविषयी वडिलांच्या डॉक्टरांना आजच विचारा. उपलब्ध असेल ती दुसरी तपासणी मागा. या दिवसांत त्यांना अचानक धाप लागली, श्वास घेताना छातीत कळ आली, खोकल्यातून रक्त पडले किंवा घेरी आली, तर ठरलेल्या तारखेचा विचार न करता त्यांना तत्काळ रुग्णालयाच्या आपत्कालीन विभागात न्या, आणि पायाच्या सुजेविषयी तिथे सर्वप्रथम सांगा.